नवा इनटेक बसवल्यापासून फ्युएल ट्रिम अधिक दिसतो : ईसीयूने सांभाळून घेतले असे समजावे का?

चार सिलिंडर

नमस्कार. माझ्या गाडीत दोन लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. हवा मॅफ सेन्सरने मोजली जाते, इंजेक्टर पोर्टमध्ये आहेत, आणि साधारण वर्षभरापूर्वी मूळ एअर बॉक्स तसाच ठेवून मी ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग करून घेतले होते. त्या वेळच्या नोंदी मी जपून ठेवल्या आहेत. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, मॅफ सेकंदाला ३.१ ग्रॅम हवा दाखवत असे, आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म ट्रिमची (ईसीयू इंधनात करत असलेल्या तात्कालिक व साठवलेल्या दुरुस्तीची) बेरीज आयडलपासून महामार्गावरच्या स्थिर वेगापर्यंत उणे दोन ते अधिक दोन टक्क्यांच्या आत राहत असे.

गेल्या महिन्यात मी रुंद पाइपचा आणि तेल लावलेल्या कापडी शंकू-फिल्टरचा इनटेक बसवला. मॅफ सेन्सर जुन्या घरातून काढून नव्या पाइपवरच्या जागी बसवला, बॅटरी काही वेळ काढून ठेवली आणि मग गाडी सुरू केली. पहिल्याच थंड स्टार्टला इंजिन अडखळले, पण दोन-तीन दिवसांत ते सुरळीत झाले. आता चारशे किलोमीटर झाल्यावर घेतलेल्या लॉगमध्ये असे दिसते की आयडलला मॅफ सेकंदाला २.६ ग्रॅम दाखवतो आणि एकूण ट्रिम अधिक २१ टक्के आहे. स्थिर वेगात, मॅफ साधारण १२ ग्रॅम दाखवत असताना, ट्रिम अधिक १४ आहे. आणि चढावर, ३० ग्रॅमच्या आसपास, तो अधिक १३ आहे. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. गाडी पूर्वीपेक्षा मोकळी पळते असे मला वाटते.

विक्रेत्याने सांगितले होते की या इनटेकसाठी पुन्हा ट्यूनिंग करावे लागत नाही, ईसीयू आपोआप शिकून घेतो. ट्रिमचे आकडे पाहता ईसीयूने काहीतरी शिकून घेतलेले आहे हे खरे. पण ट्रिम अधिक आहे म्हणजे माझे इंजिन या क्षणी लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालत आहे, की लीन होऊ नये म्हणून ईसीयू इंधन वाढवत आहे, हे मला नीट उमगलेले नाही. शिवाय इनटेक एकच असताना आयडलला २१ आणि चढावर १३ असा फरक का पडावा? आणि पुन्हा ट्यूनिंग होईपर्यंत गाडी अशीच वापरण्यात धोका आहे का?

लॅम्डा एक

तुम्ही जुन्या नोंदी जपून ठेवल्यात, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले आहे. आधी पहिल्या शंकेविषयी लिहितो, कारण ट्रिमच्या चिन्हाबाबत गोंधळ फार जणांचा होतो.

ईसीयू दर क्षणी मॅफने सांगितलेल्या हवेवरून इंधन ठरवतो. पेट्रोलसाठी एक ग्रॅम इंधनाला साधारण १४.७ ग्रॅम हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण, आणि यालाच लॅम्डा १ म्हणतात. इंधनात इथेनॉल असेल तर हा आकडा खाली येतो. दहा टक्के मिश्रणात तो सुमारे १४.१ होतो. एवढे इंधन दिल्यावर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो, आणि निकाल अपेक्षेपेक्षा लीन आला की शॉर्ट टर्म ट्रिम लगेच इंधन वाढवतो. ही वाढ सतत एकाच दिशेला राहिली तर ईसीयू ती हळूहळू लाँग टर्म ट्रिममध्ये साठवतो आणि शॉर्ट टर्म पुन्हा शून्याजवळ येतो. म्हणून नेहमी दोघांची बेरीज पाहावी, आणि तुम्ही तीच दिली आहे. अधिक १४ याचा अर्थ इंजिन १४ टक्के लीन चालले आहे असा नाही. मॅफच्या सांगण्यावरून जेवढे इंधन दिले गेले असते त्याहून १४ टक्के जास्त दिल्यावरच ते लॅम्डा १ वर येत आहे, असा तो अर्थ आहे. म्हणजे स्थिर वेगातले मिश्रण बरोबर आहे. चुकलेला आहे तो हवेचा हिशेब.

बॅटरी काढल्यावर ईसीयूने पूर्वी शिकलेले पुसले गेले आणि नव्या पाइपचे त्याने अजून काहीच शिकलेले नव्हते, म्हणून त्या पहिल्या थंड स्टार्टला ही चूक तुम्हाला उघडी दिसली. ऑक्सिजन सेन्सर तापून कामाला लागेपर्यंत मॅफची चूक भरून काढायला काहीच नव्हते.

आता मॅफविषयी. हा सेन्सर पाइपमधली सगळी हवा मोजत नाही. त्याची तापवलेली तार किंवा पट्टी पाइपच्या एका छोट्या भागातून जाणारा प्रवाह तिला किती थंड करतो तेवढेच जाणते, आणि त्यावरून पूर्ण पाइपातून किती हवा गेली असेल हे ईसीयूमधला तक्ता सांगतो. हा तक्ता व्होल्टचे सेकंदाला ग्रॅममध्ये रूपांतर करतो आणि तो ज्या व्यासाच्या घरासाठी बनवला त्या घरापुरताच खरा असतो. पाइप रुंद झाला की तेवढीच हवा हळू वाहते, तार कमी थंड होते, व्होल्ट कमी येतात आणि ईसीयूला वाटते की हवा कमी आली. आयडलला त्याच इंजिनाला तेवढीच हवा लागते. तरी तुमचा मॅफ ३.१ वरून २.६ वर आला, तो यामुळेच.

चूक व्यासाच्या नव्हे, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. म्हणून जुने घर आणि नवा पाइप, दोन्हींचा सेन्सरच्या जागचा आतला व्यास व्हर्निअरने मोजून कृपया येथे लिहा. बाहेरचा व्यास उपयोगाचा नाही, आणि खोक्यावर छापलेला आकडा बहुधा बाहेरचाच असतो.

आणि एक विनंती : हे सगळे स्पष्ट होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

चार सिलिंडर

आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आज दोन्ही मोजले. जुन्या घराचा आतला व्यास ६६ मिलिमीटर आणि नव्या पाइपचा ७० मिलिमीटर भरला. ७० चा वर्ग भागिले ६६ चा वर्ग केल्यावर १.१२५ येते, म्हणजे अपेक्षित ट्रिम अधिक १२.५ टक्के. चढावरचा १३ चा आकडा याच्याशी जुळतो आणि १४ चाही जवळपास जुळतो, परंतु आयडलचे २१ टक्के या गणितात बसत नाहीत. आयडलला मॅफ अधिक चुकतो असे समजावे का?

वर्कशॉप बावीस

वरचे स्पष्टीकरण अचूक आहे. त्यात मी फक्त आयडलविषयी भर घालतो, कारण माझ्या रोजच्या कामात हाच भाग सर्वांत जास्त येतो.

व्यासामुळे होणारी चूक गुणोत्तराची असते, म्हणजे हवा कमी असो वा जास्त, टक्केवारी जवळपास तीच राहते. गळतीतून आत येणारी हवा मात्र बेरजेची चूक असते. थ्रॉटलच्या पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये कोठे बारीक फट असेल तर आयडलच्या निर्वातात तिच्यातून सेकंदाला जवळजवळ ठरावीक हवा आत जाते. इंजिन एकूण तीन ग्रॅम हवा घेत असताना पाव ग्रॅम ही मोठी टक्केवारी असते. तेच इंजिन तीस ग्रॅम घेऊ लागले की ती एक टक्काही उरत नाही. म्हणून ट्रिम आयडलला मोठा आणि प्रवाह वाढेल तसा उतरत जाणारा दिसला की मॅफनंतर न मोजलेली हवा शिरत आहे असे आधी धरावे.

तुमच्या आकड्यांत मला या दोन्ही चुका एकत्र दिसतात, आणि त्या वेगळ्याही काढता येतात. ट्रिम म्हणजे एक स्थिर टक्केवारी अधिक गळतीची हवा भागिले मॅफची हवा, असे मांडा. २.६ ग्रॅमला २१ आणि १२ ग्रॅमला १४ या दोन नोंदींवरून गळती सेकंदाला सुमारे ०.२३ ग्रॅम निघते आणि स्थिर भाग सुमारे १२ टक्के. मग ३० ग्रॅमला किती यायला हवे? १२ अधिक पाऊण टक्का, म्हणजे जवळपास १३. तुम्ही १३ च लिहिले आहे. स्थिर भागाचे १२ टक्के तुमच्या व्हर्निअरच्या १२.५ शी जुळतात, तेव्हा मॅफ आयडलला विशेष चुकत नाही. तेथे वेगळी हवा आत येते आहे.

ती कोठून, हे आता शोधायचे. गाडी टर्बो असल्यामुळे मॅफ आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात आयडलला निर्वात जवळपास नसतोच. तेथली फट आयडलला एवढी हवा घेणार नाही. उलट ती प्रवाह वाढल्यावर जास्त घेईल. टर्बोनंतरचा एखादा सांधा सैल असेल तर चित्र आणखी निराळे असते. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण रिच, म्हणजे जादा इंधनाचे, होते. इनटेक बदलताना मॅनिफोल्डला सहसा कोणी हात लावत नाही, पण एका नळीला हात लागतोच, आणि माझा संशय तिच्यावरच आहे : क्रँककेसकडून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीकडून, इनटेक पाइपला येणारी ब्रीदर नळी. आयडलला पीसीव्ही झडप मॅनिफोल्डच्या निर्वाताने क्रँककेसमधली हवा ओढते आणि तिच्या जागी ताजी हवा याच नळीतून आत येते. ती हवा मॅफने आधीच मोजलेली असावी म्हणून नळी मॅफच्या नंतर पाइपला जोडलेली असते. नव्या पाइपवरचा निपल (नळी जोडण्याचे तोंड) मूळ निपलपेक्षा बारीक असला आणि नळी त्यावर नुसती सरकवलेली असली, तर क्रँककेस त्या फटीतून बाहेरची हवा घेतो. मॅनिफोल्ड पूर्ण शाबूत असूनही ट्रिममध्ये ती मॅनिफोल्डच्या गळतीसारखीच दिसते.

शक्य असेल तर इनटेकमध्ये धूर भरून तपासणी करून घ्या. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून फट शोधण्याची पद्धत अजूनही सांगितली जाते. कृपया ती वापरू नका, आग लागू शकते. धूर मिळेपर्यंत ब्रीदरचे दोन्ही टोकांचे क्लॅम्प हाताने हलवून पाहा.

फिल्टरबद्दलही थोडे. त्याला धुऊन तेल लावण्याची वेळ येईल तेव्हा तेल कमीच लावा. जादा तेल उडून मॅफच्या तारेवर थर बसतो, तार हवेला उष्णता नीट देऊ शकत नाही आणि मॅफ आणखी कमी दाखवू लागतो. तार साफ करायची तर मॅफसाठीचाच क्लीनर वापरावा आणि तारेला बोट किंवा कापूस लावू नये.

चार सिलिंडर

नळीच होती. निपल नळीच्या आतल्या व्यासापेक्षा दोन मिलिमीटरने बारीक आहे आणि मी जुनाच स्प्रिंग क्लॅम्प लावला होता, तो नळीला निपलवर दाबत नव्हता. मापाचा रबरी जोड घालून स्क्रूचा क्लॅम्प बसवला, ट्रिम पुसले आणि तीन दिवस गाडी चालवली. आता आयडलला मॅफ २.८ ग्रॅम दाखवतो आणि ट्रिम अधिक १२ आहे. १२ ग्रॅमलाही १२, ३० ग्रॅमला १२ ते १३. म्हणजे गळती गेली आणि केवळ पाइपची चूक उरली.

आता माझा प्रश्न अधिक नेमका झाला आहे. सर्वत्र सारखाच अधिक १२ टक्के ट्रिम आहे, मिश्रण लॅम्डा १ वर आहे, आणि पी ०१७१ हा लीनचा कोड येण्यासाठी पुष्कळ ईसीयूंना याच्या दुपटीजवळचा ट्रिम लागतो असे मी वाचले आहे. मग हे असेच ठेवले तर काय बिघडते?

हमरस्ता

माझ्या गाडीत दोन वर्षे अधिक ११ ते १२ ट्रिम आहे, इनटेक बदललेला आहे आणि आजवर काहीही झालेले नाही. कारखान्याची फाइल आहे, ट्यूनिंग केलेले नाही. ईसीयूला शिकण्याची क्षमता यासाठीच दिलेली असते, तेव्हा फार चिंता करू नये असे मला वाटते.

मॅफ वाचक

हमरस्ता यांचा अनुभव खरा आहे आणि तो मी नाकारत नाही, परंतु तो चार सिलिंडर यांच्या गाडीला लागू करणे मला धोक्याचे वाटते. कारण थोडे सविस्तर लिहितो, कारण हा मुद्दा सुटला तर वरची सगळी मेहनत अर्धवट राहील.

फ्युएल ट्रिम इंधन दुरुस्त करतो. हवेचा आकडा तो दुरुस्त करत नाही. आणि ईसीयू हवेच्या आकड्यावरून केवळ इंधन ठरवत नाही. त्यावरून तो लोड काढतो आणि लोडवरून इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी केव्हा पाडायची ते, ठरवतो. पुष्कळ ईसीयूंमध्ये लोड म्हणजे दर फेऱ्याला किती ग्रॅम हवा : मॅफचा आकडा गुणिले ६०, भागिले आरपीएम. समजा ३५०० आरपीएमला तुमच्या इंजिनात खरोखर सेकंदाला ८७.५ ग्रॅम हवा जात आहे. खरा लोड १.५ ग्रॅम प्रतिफेरा. मॅफ मात्र ७७.८ ग्रॅम सांगतो आणि ईसीयू लोड १.३३ धरतो. टायमिंगच्या तक्त्यात लोड कमी तसे टायमिंग अधिक आगाऊ असते, म्हणून ईसीयू १.५ च्या ओळीऐवजी १.३३ च्या आसपासचे टायमिंग देतो. तक्ता कसा आहे यावर फरक अवलंबून राहील, पण बूस्टच्या भागात तो सहज एक-दोन अंशांचा असू शकतो. ऑक्सिजन सेन्सर यावर काहीच करू शकत नाही. मिश्रण अचूक लॅम्डा १ वर असले तरीही टायमिंग चुकलेलेच राहते.

गाडी मोकळी पळते असे तुम्ही पहिल्या संदेशात लिहिले होते. त्यातला काही भाग बहुधा या नकळत वाढलेल्या टायमिंगचा असावा.

दुसरी गोष्ट पूर्ण थ्रॉटलची, जिच्याबद्दल लॅम्डा एक यांनी सुरुवातीलाच सावध केले होते. साधा, म्हणजे अरुंद पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर लॅम्डा १ च्या आसपासच भरवशाने सांगतो. त्याचा व्होल्टेज ०.४५ च्या वर की खाली एवढेच तो जाणतो. बूस्टमध्ये मिश्रण मुद्दाम रिच करायचे असते, म्हणून असे ईसीयू तेथे ऑक्सिजन सेन्सरचे ऐकणे थांबवतात आणि केवळ तक्त्यावरून इंधन देतात. याला ओपन लूप म्हणतात. शिकलेला लाँग टर्म ट्रिम ओपन लूपमध्ये पुढे वापरायचा की नाही हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या पद्धतीने ठरवलेले आहे. काही ईसीयू सर्वाधिक प्रवाहाच्या कप्प्यात शिकलेला ट्रिम पुढे नेतात. काही अधिक ट्रिम नेतात पण उणे नेत नाहीत. ज्यांच्याकडे कारखान्यातूनच वाइडबँड, म्हणजे रुंद पट्ट्याचा, सेन्सर आहे ते बूस्टमध्येही क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सरचे ऐकत, राहू शकतात. तुमचा ईसीयू ट्रिम पुढे नेत नसेल आणि ट्यूनिंगमध्ये लॅम्डा ०.८० मागितलेला असेल, तर प्रत्यक्षात ०.८० गुणिले १.१२५, म्हणजे ०.९० मिळेल. हवा-इंधनाच्या भाषेत ११.८ ऐवजी १३.२. लीन मिश्रण आणि जादा टायमिंग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच चुकीतून आणि जेथे सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असतो नेमक्या तेथेच येतात. नॉकिंगला, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप स्फोटासारखा पेटण्याला, याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच असेल.

कारखान्याच्या फाइलमध्ये उत्पादकाने हलक्या प्रतीचे इंधन, उकाडा आणि इंजिनाचे वय हे सगळे धरून बरेच अंतर राखलेले असते. हमरस्ता यांची गाडी त्या अंतरात दोन वर्षे निभावली. ट्यून केलेल्या गाडीत ते अंतर आपण आधीच शक्तीसाठी खर्च केलेले असते. म्हणून तोच अधिक १२ टक्के ट्रिम एका गाडीत सुसह्य आणि दुसरीत घातक ठरू शकतो. नॉक सेन्सर टायमिंग मागे घेईल हे खरे, पण तो नॉक झाल्यावर कामाला लागतो, आधी नाही.

तेव्हा उपाय एकच : मॅफचा तक्ता नव्या पाइपप्रमाणे बदलणे. आपल्या ट्यूनरला हे सगळे आकडे द्या. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. इंजेक्टरचा प्रवाह-आकडा १२ टक्क्यांनी कमी लिहूनही ट्रिम शून्यावर आणता येतो, आणि घाईच्या कामात तसे केलेले मी पाहिले आहे. इंधन बरोबर होते, लॉग स्वच्छ दिसतो, पण लोड तसाच खोटा राहतो आणि आता ती चूक दाखवणारा ट्रिमही उरत नाही. इंजेक्टर बदललेले नसतील तर त्यांच्या आकड्याला हात लावू देऊ नका.

हमरस्ता

लोडचा हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. माझ्याकडे टायमिंगचा लॉग आहे, तो आज पुन्हा पाहतो. एक विचारू का? माझ्या भावाच्या गाडीत मॅफ नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. तेथेही इनटेकमुळे असेच होते का?

मॅफ वाचक

नाही. मॅप सेन्सरच्या गाडीत हवा मॅनिफोल्डमधला दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाच्या भरण-क्षमतेचा तक्ता यांवरून काढली जाते, त्यामुळे पाइपच्या व्यासाचा हिशेबाशी थेट संबंध नसतो. तेथे इनटेक बदलल्यावर ट्रिम थोडाफार हलला तर तो बहुधा तापमान-सेन्सरच्या जागेमुळे किंवा बॉनेटखालची गरम हवा ओढली गेल्यामुळे असतो. अशा गाडीत मॅनिफोल्डची गळतीसुद्धा वेगळी दिसते. शिरलेल्या हवेने दाब वाढतो, ईसीयू ती मोजतो आणि इंधनही देतो, म्हणून ट्रिमपेक्षा आयडलचा आरपीएम वर गेलेला आढळतो.

चार सिलिंडर

ट्यूनरशी बोलणे झाले. मूळ तक्ता सरसकट १.१२५ ने गुणून पाठवतो, असे ते म्हणाले. ते पुरेसे आहे का?

लॅम्डा एक

सुरुवात म्हणून उत्तम आहे, पण शेवट तेथे करू नका. क्षेत्रफळाचे गणित हवा पाइपभर सारखीच वाहते असे धरते. वास्तवात सेन्सरच्या आधी वळण असेल तर हवा बाहेरच्या बाजूला ढकलली जाते आणि सेन्सर जेथे आहे तेथला वेग सरासरीपेक्षा कमी-जास्त होतो; हा फरक प्रवाहाबरोबर बदलतोही. मूळ घरात सेन्सरच्या आधी बहुधा जाळी असते, ती प्रवाह सरळ करते. नव्या पाइपात ती नसेल तर आकडे थरथरतात. सेन्सर पाइपात थोडा वाकडा फिरलेला नाही ना, तेही पाहून घ्या, कारण तारेचे तोंड प्रवाहाला समोरासमोर हवे. सेन्सरची जागा हलली की तक्ता पुन्हा नव्याने करावा लागतो, म्हणून हे आधी पक्के करा आणि मगच लॉग घ्या.

गुणलेली फाइल भरल्यावर ट्रिम पुसा आणि शांतपणे लॉग घ्या. त्यात मॅफचा व्होल्ट, शॉर्ट टर्म, लाँग टर्म, आरपीएम, थ्रॉटल, कूलंटचे तापमान, इनटेक हवेचे तापमान आणि क्लोज्ड लूप आहे की नाही, एवढे असू द्या. कूलंट ८० अंशांच्या वर गेल्यानंतरच्या, क्लोज्ड लूपमधल्या आणि थ्रॉटल स्थिर असतानाच्याच नोंदी ठेवा. पेडल हलताना मिश्रण तात्पुरते हलते आणि ते आकडे तक्त्याची दिशाभूल करतात. पेट्रोलच्या टाकीतली वाफ कॅनिस्टरमधून इंजिनात सोडली जात असतानाही ट्रिम काही वेळ उणे होतो; तो भाग ओळखू आला तर गाळा. मग तक्त्यातल्या प्रत्येक व्होल्टजवळच्या नोंदींची सरासरी काढायची आणि तेथला ग्रॅमचा आकडा तेवढ्या टक्क्यांनी बदलायचा. एखाद्या बिंदूवर पाच-सहाच नोंदी असतील तर त्याला स्वतंत्रपणे हलवू नका, शेजारच्या बिंदूंशी वळण जुळवून घ्या. तक्त्याची रेषा कोठेही खाचखळग्याची दिसता कामा नये. हवा तशी वाहत नाही.

वरचा भाग, जेथे गाडी ओपन लूपमध्ये जाते, तो ट्रिमवरून करता येत नाही. तेथे वाइडबँड लागेल. प्रत्यक्ष लॅम्डा भागिले मागितलेला लॅम्डा, एवढाच गुणक, उदाहरणार्थ ०.८० मागितला आणि ०.८३ मिळाला तर त्या व्होल्टचा आकडा सुमारे पावणेचार टक्क्यांनी वाढवायचा. ही धाव डायनोवर (गाडी जागीच चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंदिस्त ट्रॅकवरच घ्यावी, आणि पहिल्या धावेत ट्यूनरने टायमिंग दोन-तीन अंश मागे ठेवलेले असावे. वाइडबँडच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती नसावी, कारण बाहेरची हवा शिरली की तो खोटा लीन दाखवतो.

चार सिलिंडर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सेन्सर खरोखरच काही अंशांनी फिरलेला होता. त्याचा आधार सरळ करून घेतला आणि मग लॉग घेतले. १.१२५ ने गुणलेल्या फाइलवर आयडल आणि स्थिर वेग दोन टक्क्यांच्या आत आले, परंतु २० ते २५ ग्रॅमच्या पट्ट्यात उणे पाच टक्के उरले होते, म्हणजे तेथे मॅफ आता जास्त दाखवत होता. सेन्सरच्या आधीच्या वळणाविषयी आपण लिहिले होते तेच कारण असावे, असे ट्यूनरचेही मत पडले. दोन फेऱ्यांत ते दुरुस्त झाले. वरच्या भागासाठी डायनोवर वाइडबँड लावून चार धावा घेतल्या आणि पहिल्या धावेत टायमिंग तीन अंश मागे होते.

माझा ईसीयू ओपन लूपमध्ये लाँग टर्म ट्रिम पुढे नेत नाही, हे तेथेच कळले. तुलनेसाठी आम्ही जुनी फाइल भरून, टायमिंग मागे ठेवून आणि अगदी कमी बूस्टवर एक छोटी धाव घेतली : लॅम्डा ०.८२ मागितलेला होता आणि ०.९२ मिळाला. मी महिनाभर पूर्ण थ्रॉटल दिले नाही याचे त्या क्षणी फार समाधान वाटले, आणि त्यासाठी मी आपणा सर्वांचा ऋणी आहे.

आताच्या नोंदी पुढे कोणाला उपयोगी पडतील म्हणून देतो. आयडलला मॅफ पुन्हा ३.१ ग्रॅम. एकूण ट्रिम सर्वत्र उणे दोन ते अधिक दोन. ३५०० आरपीएमला पूर्ण बूस्टमध्ये लोड १.५ च्या आसपास, जो मूळ एअर बॉक्सवरच्या जुन्या लॉगमध्ये १.४८ होता. टायमिंग त्या ओळीला जेवढे असायला हवे तेवढेच, आणि चारही धावांत नॉकची दुरुस्ती शून्य. इंजेक्टरचा आकडा बदललेला नाही, हे मी फाइल उघडून ट्यूनरसमोर पाहून घेतले.